डिस्क काही निघेना

गाडी विकायची असं ठरलं, तेव्हा गाडीची मालकीण ओट्यापाशी चहा गाळत होती, आणि तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

ठरवणारी होती तिची लेक. ही लेक विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायची. रोज सकाळी चेपलेली, उलटलेली, विजेच्या खांबाला मिठी मारून बसलेली वाहनं पाहून पाहून तिचं एक ठाम मत झालं होतं, की गाडी म्हणजे अजून न झालेला अपघात. त्यात आईच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा ब्रेक दाबला, की पुढच्या चाकांतून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज यायचा. गॅरेजवाल्यानं डोकावून सांगितलं होतं, ब्रेकच्या डिस्क पार झिजल्यात, खाचा पडल्यात, बदलाव्या लागतील.

"सोमवारी एजंट येतोय गाडी बघायला," लेक म्हणाली. "तोवर ती जागची हलवायची नाही. रविवारी मावशीकडे जाणं नाही. फोनवर बोल तिच्याशी."

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. टेकडीवरच्या घरात एकटी राहायची, डोळ्यांनी अधू झालेली, आणि त्या चढावर बस जायची नाही. दर रविवारी धाकटी गाडी घेऊन वर जायची आणि दोघी बहिणी दिवस मावळेपर्यंत मनसोक्त भांडायच्या. आता फोनवर माणूस बोलू शकतं. पण भांडायला समोर बसावं लागतं.

"बरं," आई म्हणाली आणि चहाचे कप पुढे केले.

लेकीला वाटलं, विषय मिटला. घाबरला तो एकटा जावई. तो कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. होकाराला चिन्ह असतं, नकाराला चिन्ह असतं, हे तो वर्षानुवर्षं मुलांना फळ्यावर काढून दाखवत आला होता. पण सासूबाईंच्या 'बरं'ला कुठलंच चिन्ह लागू पडत नाही, हे त्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. सासूबाई उभा जन्म एका मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मुख्य परिचारिका होत्या. ज्यांच्या नुसत्या नावानं रुग्णांना घाम फुटायचा, ते सर्जन सासूबाईंची भुवई वर गेली की पुन्हा हात धुवायला जायचे. ही बाई 'बरं' म्हणून गप्प बसते, म्हणजे कुठेतरी काहीतरी उकळायला ठेवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी जावयाला फोन आला. "जावईबापू, शनिवारी कॉलेजला सुट्टी ना? स्वयंपाकघरातला नळ गळतोय. जुने कपडे घालून या."

नळ ठणठणीत होता. गळत होतं ते सासूबाईंचं गुपित. गाडी गॅरेजात न्यायची सोय नव्हती, कारण गॅरेजवाला लेकीच्या ओळखीचा. गाडी त्याच्या दारात टेकायच्या आत लेकीच्या टेबलावर फोन वाजला असता. म्हणून डिस्क घरच्या घरी, इमारतीच्या आवारात, सासूबाई स्वतः बदलणार होत्या.

"आई, तुम्हाला गाडीचं काम येतं?"

"नाही. तुम्हाला?"

जावयाचा स्वाभिमान इथे आडवा आला. आदल्या आठवड्यात त्यानं एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एका दाढीवाल्या माणसानं गाणं संपायच्या आत दोन्ही डिस्क काढून नव्या बसवल्या होत्या. जुनी डिस्क डोक्यावरची टोपी काढावी तशी अलगद हातात आली होती. "तसं... तत्त्वतः येतं," तो म्हणाला.

"मग झालं तर. तत्त्व तुमचं, हात माझे."

सुटे भाग आणायला अर्थातच तत्त्वाला पाठवलं. दुकानदारानं विचारलं, गाडी कुठलं मॉडेल? कुठल्या सालचं? डिस्क पुढची की मागची? भोकं चार की पाच? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर जावयाला देता आलं नाही. गाडीविषयी त्याच्याकडे खात्रीशीर माहिती एवढीच होती, की ती पांढरी आहे. दुकानदारानं ती शांतपणे ऐकून घेतली आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. ते गिऱ्हाईक हसलं नाही, खोकलं. शेवटी सासूबाईंना फोन लावावा लागला. त्यांनी साल, मॉडेल, सगळं एका दमात सांगितलं आणि वर बजावलं, "एक नाही, जोडी आणा. आणि दोन लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर मी रुग्ण ठेवणार नाही."

शनिवारी सकाळी जावई आवारात पोचला, तेव्हा गाडीशेजारी जमिनीवर एक स्वच्छ धुतलेली चादर अंथरलेली होती. तिच्यावर पाने, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, तारेचा ब्रश, तार, गंज सोडवायचं तेल अशी सगळी हत्यारं आकारानुसार लावलेली होती. सासूबाईंनी केस बांधून वर कापडी टोपी घातली होती, हातांत रबरी मोजे चढवले होते. त्यांच्याकडे पाहून त्या डिस्क बदलणार आहेत की गाडीचं पित्ताशय काढणार आहेत, हे सांगणं अवघड होतं.

"उभा जन्म दुसऱ्यांच्या तळहातावर हत्यारं ठेवली," त्या म्हणाल्या. "आज तळहात माझा. मी नाव घेईन, तुम्ही द्यायचं. बडबड नको."

तत्त्वाला पहिला धक्का तिथेच बसला. व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे जावयानं मोठ्या ऐटीत जॅक लावून गाडी उचलली, आणि मग चाकाचे नट सोडवायला पाना लावला. नट तसूभर हलला नाही. पान्याबरोबर अख्खं चाकच फिरायला लागलं. त्यानं दुप्पट जोर लावला, चाक दुप्पट फिरलं. सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जमिनीवर टेकलेलं असताना नट सैल करायचे असतील बहुतेक." गाडी पुन्हा खाली आली, नट सैल झाले, गाडी पुन्हा वर गेली. स्टँड लागले, चाक निघालं. सासूबाईंनी कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा ब्रेकचा चिमटा, उघडून तारेनं वर टांगून ठेवला. "याची नळी ताणायची नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "नळी ताणली की संपलं." हे त्या गाडीबद्दल बोलत होत्या की जुन्या आठवणीतल्या कुणाबद्दल, ते जावयाला कळलं नाही, पण तो नळीपासून दोन हात लांब सरकला.

डिस्क एका बारक्या स्क्रूनं धरलेली होती, आणि त्या स्क्रूचं डोकं झिजून गुळगुळीत झालं होतं. स्क्रूड्रायव्हर नुसता गोल फिरत होता. जावयानं जाहीर केलं, की इथे प्रकरण संपलं. सासूबाईंनी जुन्या रबरी मोज्याचा एक तुकडा कापला, स्क्रूच्या डोक्यावर ठेवला, वरून स्क्रूड्रायव्हर दाबला, हातोडीनं दोन टोले दिले आणि मनगट वळवलं. कुर्रर्र करून स्क्रू फिरला.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"बरणीचं झाकण उघडत नाही तेव्हा काय करता तुम्ही?"

"तुमच्या मुलीला हाक मारतो," जावई प्रामाणिकपणे म्हणाला.

आता व्हिडिओप्रमाणे डिस्क टोपीसारखी हातात यायला हवी होती. जावई दोन्ही हात पुढे करून तयारीत बसला. डिस्क आली नाही. ओढली, आली नाही. हलवली, गाडी हलली. डिस्क आणि तिच्यामागचा हब, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो तुंबा, यांचं गंजानं केव्हाच लग्न लावून दिलं होतं, आणि इतक्या वर्षांचा संसार एका शनिवारी मोडायला दोघंही तयार नव्हते. तेल मारलं. वाट पाहिली. सासूबाईंनी हातोडीनं ठोकायला सुरुवात केली. एक टोला, डिस्क थोडी फिरवायची, पुढचा टोला. घाई नाही, राग नाही. जावयाला मात्र दोन्ही आले. त्यानं पुढे होऊन डिस्कला एक सणसणीत लाथ घातली. डिस्कला काहीच झालं नाही. जावई एका पायावर आवारभर नाचून आला.

सासूबाईंनी हातोडी खाली ठेवली, त्याचा बूट काढला, अंगठा दाबून पाहिला, "मोडला नाही" असा निकाल दिला, पट्टी बांधली, हातमोजे बदलले आणि पुन्हा ठोकायला बसल्या. या सगळ्यात त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. जावयाला त्या क्षणी जाणवलं, की आपण सासरी मुलगी पाहायला आलो तेव्हा घरातलं खरं पाहण्यासारखं माणूस चहाचा ट्रे घेऊन मागे उभं होतं.

त्या ठोकाठोकीनं इमारत जागी झाली. पहिल्यांदा आले दुसऱ्या मजल्यावरचे व्हायोलिन मास्तर. त्यांची शिकवणी चालू होती आणि विद्यार्थिनी हातोडीच्या तालावर वाजवायला लागली होती. ते भांडायला म्हणून आले, पण सासूबाईंचा टोला ऐकून थबकले.

"बद्द वाजतंय," ते म्हणाले.

"अडकलंय म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"खालच्या बाजूला मारून बघा. हं. इथे जरा मोकळं आहे. वर मात्र घट्ट." आणि मास्तर भांडण विसरून, कान पुढे करून, उकिडवे बसले.

मग आले सोसायटीचे सेक्रेटरी. सेक्रेटरींच्या हातात किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि तोंडात नियमांचा. त्यांनी कुंपणाच्या जाळीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'आवारात वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे.'

"ताई, तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसांनीच नियम मोडले तर कसं? अर्ज द्या. कमिटीसमोर ठेवतो. मंजूर झाला की मग करा."

"कमिटी कधी बसते?"

"महिनाअखेरीला. सभासद जमले तर."

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. तर्कशास्त्राला आयुष्यात क्वचित मिळणारी संधी समोर उभी होती. जावई दुखऱ्या पायावर उभा राहिला.

"सेक्रेटरीसाहेब, बंद पडलेलं वाहन आवारात उभं करू नये, असाही नियम आहे ना?"

"आहे. नियम अकरा."

"ही गाडी आत्ता चालू आहे की बंद?"

सेक्रेटरींनी चाक नसलेल्या, स्टँडवर चढवलेल्या गाडीकडे पाहिलं. "बंदच म्हणायची."

"म्हणजे नियम अकराचा भंग होतोय. हा भंग थांबवायचा तर गाडी चालू करायला हवी. चालू करायची तर ही डिस्क बदलायला हवी. तेव्हा आई जे करताहेत ती दुरुस्ती नव्हे. ते नियमपालन आहे."

सेक्रेटरींनी हा युक्तिवाद उलटसुलट करून पाहिला. त्यात कुठेतरी खोट आहे हे त्यांना दिसत होतं, पण बोट कुठे ठेवायचं ते कळत नव्हतं. "तुम्ही कुठे शिकवता?" त्यांनी संशयानं विचारलं. सासूबाईंनी जावयाकडे बघून मान एकदाच हलवली. कॉलेजातल्या आदर्श शिक्षक पुरस्कारानं जावई एवढा फुलला नव्हता.

नियमपालन चालू झालं, पण डिस्क काही निघेना. सेक्रेटरी आता सल्ला द्यायला मोकळे झाले होते. ते म्हणाले, गरम पाणी ओता. मास्तर म्हणाले, पाणी नको, स्वर उतरतो. सेक्रेटरी म्हणाले, गाडीला दोर बांधून ओढा. कशानं ओढायची यावर त्यांचं उत्तर होतं, दुसऱ्या गाडीनं. आणि दुसरी गाडी कुणाची, यावर त्यांना अचानक घरचं काम आठवलं. पण गेले मात्र नाहीत.

या गदारोळात सासूबाई डिस्ककडे एकटक पाहत होत्या. रुग्ण समोर पडलेला असताना त्या अशाच पाहत असतील, जावयाला वाटलं. मग त्यांनी करंगळी पुढे केली.

"ही दोन भोकं कसली? यांत काही बसवलेलं नाही, पण आत आटे आहेत."

"असतील अशीच," जावई म्हणाला.

"अशीच काही नसतं. शरीरात एकसुद्धा भोक उगाच नसतं." त्यांनी वाकून भोकात पुन्हा पाहिलं. "यात बोल्ट घालून आवळत गेलं, तर तो मागे हबला टेकेल. पुढे जायला जागा नाही मिळाली की डिस्कलाच बाहेर ढकलेल."

बोल्ट हवे होते. चादरीवर नव्हते. दुकान लांब, जावयाचा अंगठा जायबंदी. सासूबाईंची नजर आवारभर फिरली आणि कुंपणावर येऊन थांबली. 'वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी दोन चांगल्या लांब बोल्टांनी जाळीला आवळलेली होती.

सेक्रेटरींनी ती नजर ओळखली. "ताई, नाही हं. पाटी काढायची तर ठराव लागतो."

"पाटी कोण काढतंय? मला बोल्ट हवेत. पाटी तुम्ही तिथेच धरून उभे राहा. म्हणजे ती जागेवरच राहिली."

सेक्रेटरी नियमाचे पक्के होते. ते खरोखर कुंपणाला पाठ लावून, पाटी छातीशी धरून उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, ते निदर्शनं करताहेत.

पहिला बोल्ट भोकात गेला, दोन वेढे फिरला आणि नीट बसला. नशिबाचाच भाग, पण इतका वेळ ठोकणाऱ्या माणसाचं नशीब जरा लवकर लाजतं. सासूबाई उजवा बोल्ट थोडा आवळायच्या, मग डावा थोडा, मग हातोडीचा एक टोला. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. घाम त्यांच्या भुवयांवर आला होता. जावयानं न सांगता पुढे होऊन तो टिपला. हे त्यानं कुठे पाहिलं होतं कोण जाणे. पण सासूबाईंनी त्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, आणि यातच त्याला पावती मिळाली.

"थांबा!" मास्तर ओरडले. "परत मारा. ऐकलंत? आता वाजायला लागलं! सुटतंय ते!"

सासूबाईंनी आणखी एक टोला मारला. आवारात देवळातल्या घंटेसारखा लखलखीत ठण्ण आवाज घुमला, गंजाचा धुरळा उडाला, आणि डिस्क जी सुटली ती समोर बसलेल्या जावयाच्या मांडीत. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनाही वाजवायच्या होत्या, पण हातात पाटी होती.

सासूबाईंनी तारेच्या ब्रशनं हब घासून चकचकीत केला, नवी डिस्क पुसून बसवली. नवी डिस्क जाड, म्हणून कॅलिपरचा पिस्टन, म्हणजे चिमटा आवळणारा दट्ट्या, मागे ढकलायचा होता. तो ढकलला, आणि बॉनेटखालून ब्रेक ऑइल भळाभळा वाहू लागलं. मदत म्हणून जावयानं सकाळी येताच ऑइलची टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. पिस्टन मागे गेल्यावर ऑइलला जायला जागाच नव्हती.

"कोणी भरलं हे?" सासूबाईंनी विचारलं.

मास्तरांनी आकाशाकडे पाहिलं. जावई बादली आणायला पळाला. अंगठा दुखतोय हेही विसरला.

दुसरी बाजू चालू झाली तेव्हा दुपार कलली होती. आता कोणाला काही सांगावं लागत नव्हतं. पाटीचे बोल्ट पुन्हा कामाला लागले होते, मास्तर कान देऊन बसले होते. सासूबाई चाकाच्या कमानीत डोकं घालून होत्या, म्हणून त्यांना फाटकातून आत आलेली लेक दिसली नाही. जावयाला दिसली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. नळ दुरुस्तीला इतका वेळ का लागतोय, हे पाहायला ती आली होती.

तिनं स्टँडवरची गाडी पाहिली. ऑइलचा ओघळ पाहिला. पाटी धरून उभे असलेले सेक्रेटरी पाहिले. तिनं दीर्घ श्वास घेतला; तो सगळा आता बाहेर येणार होता.

"सतरा नंबर," चाकाच्या कमानीतून आवाज आला, आणि एक रबरी मोजा चढवलेला तळहात मागे पसरला.

त्या आवाजाला नाही म्हणायची सोय नव्हती. लेक खाली वाकली, चादरीवरून सतरा नंबरचा पाना उचलला आणि आईच्या तळहातावर ठेवला. ठेवल्यावर तिला आपण काय केलं ते कळलं.

"हा बरोबर दिलात, जावईबापू," आतून शाबासकी आली. "सकाळपासून पहिल्यांदा."

"मी आहे," लेक म्हणाली.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "आता चौदा नंबर दे."

लेकीनं दिला. काम संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली, ऑफिसच्या कपड्यांत. मोडलेल्या गाड्या ती रोज बघायची. गाडी जोडली जाताना तिनं बहुधा पहिल्यांदाच पाहिली. आई प्रत्येक नट हातानं लावते, मग पान्यानं, मग पुन्हा एकदा ताडून बघते, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. चाकं चढली, गाडी जमिनीवर आली. सासूबाईंनी आत बसून ब्रेकचं पेडल खालपासून टणक लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबलं आणि उतरल्या.

"चक्कर मारून येते," त्या म्हणाल्या.

"तू नाही," लेक म्हणाली. "मी तपासणार. एकटी. तुम्ही दोघं इथेच थांबा." आणि कोणी काही म्हणायच्या आत तिनं किल्ली घेतली, गाडी फाटकाबाहेर काढली आणि वळणावरून दिसेनाशी झाली. आवाज आला तो फक्त इंजिनाचा.

सासूबाई आणि जावई जिन्याच्या पायरीवर बसले. मास्तर शिकवणीला गेले, सेक्रेटरी बोल्ट घेऊन पाटी लावायला गेले. गाडी परत येईना. चौकापर्यंत जाऊन यायला कितीसा वेळ लागतो? सासूबाईंनी हातमोजे काढले, घडी केली, उलगडले, पुन्हा घडी केली. आयुष्यभर त्या थिएटरचं दार उघडून बाहेर बसलेल्या नातेवाइकांना सांगत आल्या होत्या, वेळ लागेल, धीर धरा. त्या स्वतः बाहेर कधी बसल्याच नव्हत्या.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "तो वरचा नट मी आवळला होता ना?"

"तीन वेळा आवळलात, आई. मी पाहत होतो."

"हं." थोड्या वेळानं पुन्हा, "आणि डावीकडचा?"

"तोही," जावई म्हणाला. त्यानं काही तर्क लढवला नाही. नुसता त्यांच्याजवळ सरकून बसला.

गाडी आली. फाटकातून आत शिरली, सरळ पायरीकडे आली आणि दोघांच्या पायांपासून हातभर अंतरावर आवाज न करता थांबली. लेक खाली उतरली. तिचा चेहरा उजळला होता.

"कुठे होतीस इतका वेळ?" सासूबाई उभ्या राहिल्या.

"मावशीच्या टेकडीवर जाऊन आले. पार वरपर्यंत. येताना उतारावर मुद्दाम वेग वाढवला आणि दाबला ब्रेक. पुन्हा वाढवला, पुन्हा दाबला. आई, जागच्या जागी थांबते गं! रेघभर बाजूला ओढत नाही!"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला आणि मग लालबुंद झाला.

"त्या उतारावर? आत्ता बसवलेले ब्रेक घेऊन? एकटी?" त्यांचा आवाज इतका चढला, की दुसऱ्या मजल्यावरचं व्हायोलिन थांबलं. "अक्कल गहाण ठेवलीस का? काही झालं असतं म्हणजे? अपघाताचे कागद रोज बघतेस ना तू? तुझं तुला काही कळतं की नाही?"

"अगं, पण तू उद्या तिथूनच जाणार होतीस ना!" लेकही पेटली. "मग तुझ्याआधी मी नको बघायला?"

दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. बोलायला बरंच होतं, आणि तेही समोरासमोर.

"उद्या लवकर निघायचं," शेवटी सासूबाई गुरगुरल्या. "तुला यायचं असेल तर मागच्या सीटवर बसायचं. आणि गाडी चालवताना मला शिकवायचं नाही."

"बरं," लेक म्हणाली.

जावयानं तिच्याकडे चमकून पाहिलं, आणि मग चादरीवरची हत्यारं आकारानुसार लावायला बसला.